डायलिसिस : घाई नको, पण तयारी हवी

'डायलिसिस करावे लागेल' हे शब्द कानी पडताच घरच्यांचे धाबे दणाणते. माझ्या दवाखान्यात मी दोन टोके पाहतो. काही जण क्रिएटिनिनचा आकडा वाढताच 'आता लगेच मशीन लावायचं का?' असे घाबरून विचारतात. काही जण तो विषयच काढू देत नाहीत आणि धाप लागली की रात्री-अपरात्री रुग्णालय गाठतात. दोघांनीही पुढील माहिती लक्षात घ्यावी.

डायलिसिस केव्हा सुरू करावे? ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडमधील ८२८ रुग्णांचा अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. लवकर डायलिसिस सुरू केलेले आणि देखरेखीखाली थांबून उशिरा सुरू केलेले, या दोन गटांतील मृत्यूंच्या प्रमाणात लक्षणीय फरक आढळला नाही. म्हणून नुसता आकडा पाहून घाई नको. मळमळ, भूक मरणे, धाप, औषधाने न उतरणारी सूज, रक्तातले वाढते पोटॅशियम यांवरून तज्ज्ञ वेळ ठरवतात.

दुसरे संशोधन पद्धतीविषयी आहे. नेहमीच्या डायलिसिसमध्ये युरियासारखी बारीक द्रव्ये सहज निघतात, मोठी बरीचशी मागे राहतात. 'हिमोडायाफिल्ट्रेशन' पद्धतीत रक्तातून भरपूर द्रव गाळून काढतात आणि त्याच्या जागी अतिशुद्ध द्रव घालतात. त्यामुळे मोठी द्रव्येही अधिक निघतात. युरोपातील ८ देशांत १३६० रुग्णांवर झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २०२३ साली आले. सुमारे अडीच वर्षांत नेहमीच्या पद्धतीने शंभरातले साधारण २२ रुग्ण दगावले, तर या पद्धतीने १७. मात्र मधुमेह वा हृदयविकार असलेल्यांत हा फायदा स्पष्ट दिसला नाही. शिवाय अत्यंत शुद्ध पाण्याची सोय लागत असल्याने ही पद्धत सगळीकडे मिळत नाही.

यातली खरी गोम वेगळीच आहे. यंत्र कितीही चांगले असो, त्यात रक्त जोराने यायला हवे. त्यासाठी हाताची शीर शस्त्रक्रियेने रोहिणीला जोडतात. यालाच 'फिस्टुला' म्हणतात. १९६६ पासून वापरात असलेला हा मार्ग आजही बहुतेकांसाठी उत्तम आहे. पण तो तयार व्हायला दीड ते तीन महिने लागतात. ऐनवेळी धावपळ झाली की मानेत नळी घालावी लागते आणि तिच्यातून जंतुसंसर्गाचा धोका वाढतो.

आपल्याकडे अशक्तपणा वाटला की 'सलाईन लावा' हा आग्रह असतो. मूत्रपिंडाच्या रुग्णाने तो सोडावा. ज्या हाताने काम कमी करता, त्या हाताच्या शिरा राखून ठेवा. रक्त काढणे, इंजेक्शन, सलाईन यांसाठी शक्यतो दुसऱ्या हाताच्या पंज्यामागची शीर वापरायला सांगा. फिस्टुला झाल्यावर त्या हाताला रक्तदाबाचा पट्टा बांधू देऊ नका. तेथील थरथर रोज बोटांनी तपासा. ती थांबल्यास त्याच दिवशी रुग्णालयात जा.

खर्चाच्या भीतीनेही पुष्कळ जण थांबतात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिसचा समावेश आहे. २०१६ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमातून जिल्हा रुग्णालयांत गरिबांना मोफत डायलिसिस मिळते. कागदपत्रे आधीच जमवून ठेवा.

मधुमेह किंवा रक्तदाब असणाऱ्यांनी वर्षातून एकदा लघवीतील प्रथिने आणि क्रिएटिनिन तपासून घ्यावे. दोष लवकर कळला, तर औषधांनी डायलिसिसची वेळ बरीच लांबवता येते. आणि ती आलीच, तर तोवर हात तयार झालेला असतो.