शेवटची कळ आपल्या हाती

बहिष्कृत हितकारिणी सभेने 1925 साली सोलापुरात विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह काढले. न वाचता अंगठा उठवायचा नाही, हा त्या शिक्षणाचा एक अर्थ. आज तोच प्रश्न संगणकावर उभा आहे.

‘एआय एजंट’ पडद्याचे चित्र घेतो, ते वाचतो, बाण हलवतो, कळ दाबतो. अँथ्रोपिकने ऑक्टोबर 2024 मध्ये असे साधन चाचणीसाठी खुले केले. शिष्यवृत्तीचा अर्जही त्याच्याकडून भरून घेता येईल. परंतु मालकाचा हुकूम कोणता आणि पडद्यावर तिऱ्हाइताने लपवून लिहिलेला कोणता, हे त्याला नेहमी कळतेच असे नाही.

म्हणून त्याला संगणकावर वेगळे खाते द्यावे. पासवर्ड, ओटीपी स्वतःजवळ ठेवावेत. अर्ज वाचून शेवटची कळ आपणच दाबावी. अर्ज चुकला तर वर्ष विद्यार्थ्याचे जाते.