पेट्रोलची वाफ आणि कायद्याचा पहारा

बेळगावहून बागलकोटकडे जाणाऱ्या रस्त्यावर सुमारे दहा किलोमीटरांवर सांबरा हे गाव लागते. दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत, १९४२ साली, ब्रिटिश हवाई दलाने येथे विमानतळ उभारला. स्वातंत्र्यानंतर भारतीय हवाई दलाने येथे आपल्या जवानांना शिक्षण देणारी संस्था चालविली, आणि आज प्रवासी विमानेही येथून ये-जा करतात. विमान आले की त्याच्या मागोमाग इंधन येतेच. परंतु इंधनाचा संबंध केवळ विमानतळाशी आहे असे नाही. शेतकऱ्याचा पंप, विद्यार्थ्याची मोटारसायकल, निपाणीहून तंबाखू घेऊन निघालेला ट्रक, या सर्वांचे जीवन खनिज तेलावर चालते. रस्त्याने जाणाऱ्या टँकरच्या पाठीवरील ‘ज्वालाग्राही’ ही अक्षरे आपण इतक्या वेळा वाचलेली असतात, की ती आता डोळ्यांना दिसेनाशी झाली आहेत. त्या एका शब्दामागे कोणते शास्त्र आहे आणि त्या शास्त्रावर कायद्याची कोणती इमारत उभी आहे, याचा थोडा विचार करू.

पहिली गोष्ट ही, की पेट्रोल जळते असे आपण म्हणतो, पण वस्तुतः जळते ती त्याची वाफ. द्रवरूप पेट्रोल स्वतः पेट घेत नाही. त्याच्या पृष्ठभागावरून निघणारी वाफ हवेत मिसळते आणि ते मिश्रण पेटते. त्यातही प्रमाण जुळावे लागते. हवेत पेट्रोलची वाफ शेकडा सुमारे दीड ते साडेसात भाग असेल तरच ती पेटते. त्याहून कमी असेल तर जळण अपुरे पडते, आणि जास्त असेल तर प्राणवायू अपुरा पडतो. यावरून एक चमत्कारिक वाटणारे, पण जीवन-मरणाचे सत्य निघते. काठोकाठ भरलेल्या पिंपापेक्षा नुकतेच रिकामे केलेले पिंप अधिक घातक असते. भरलेल्या पिंपात हवेला जागा नसते. रिकाम्या पिंपात वाफ आणि हवा यांची नेमकी मिसळ तयार असते. ‘आत काहीच नाही’ म्हणून असे पिंप वेल्डिंगला घेणारा कारागीर आपल्या हाताने स्फोटाची तयारी करीत असतो.

दुसरी गोष्ट, ही वाफ हवेपेक्षा तीन ते चार पट जड असते. ती वर उडून जात नाही. जमिनीलगत पाण्यासारखी सरपटते, गटारात उतरते, खड्ड्यात साठते, आणि दूरवरच्या एखाद्या चुलीपर्यंत किंवा बिडीपर्यंत पोहोचून तेथून ज्वाला घेऊन उलट मूळ ठिकाणी येते. ती डोळ्यांना दिसत नाही. तेल-साठवणुकीचे बहुतेक सारे नियम म्हणजे या अदृश्य, जड आणि भटक्या वाफेवर बसविलेला पहारा होय.

कोणत्या तेलावर किती कडक पहारा हवा, हे ठरविण्यासाठी शास्त्रज्ञांनी एक कसोटी शोधली. तेल हळूहळू तापवीत नेले असता ज्या तापमानाला त्याची वाफ ठिणगीने क्षणभर भडकते, त्याला ‘फ्लॅश पॉइंट’ म्हणतात. आपण त्याला प्रज्वलनांक म्हणू. पेट्रोलचा प्रज्वलनांक शून्याखाली सुमारे चाळीस अंश सेल्सिअस आहे. म्हणजे हिमालयातील थंडीतही ते पेटावयास सिद्ध असते. आपल्या कायद्याने या कसोटीवर तीन वर्ग केले आहेत. प्रज्वलनांक २३ अंशांहून कमी तो ‘अ’ वर्ग. त्यात पेट्रोल येते. २३ पासून ६५ अंशांच्या आतील तो ‘ब’ वर्ग. त्यात रॉकेल, डिझेल आणि जेट विमानांचे इंधन मोडते. ६५ पासून ९३ अंशांच्या आतील तो ‘क’ वर्ग; भट्ट्यांसाठी वापरले जाणारे जड तेल यात बसते. विमानाचे इंधन म्हणजे पेट्रोलहून भयंकर काहीतरी असावे, असा सर्वसाधारण समज आहे. जेट विमानाचे इंधन खरे पाहता रॉकेलचेच शुद्ध भावंड आहे. युद्धकाळातील पंख्याची विमाने मात्र पेट्रोलच्या जातीच्या इंधनावर उडत.

या वर्गीकरणाचा आधार म्हणजे १९३४ चा पेट्रोलियम अधिनियम. तो ३० मार्च १९३७ पासून अंमलात आला. त्या वेळी बेळगाव जिल्हा मुंबई प्रांतात होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली आणि तो तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला. सीमेचा प्रश्न आपल्या जिव्हाळ्याचा आहे; परंतु या एका बाबतीत कोगनोळीच्या अलीकडे आणि पलीकडे कायदा एकच आहे. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत पेट्रोलियम आणि तत्सम ज्वालाग्राही पदार्थ हा विषय केंद्राच्या सूचीत घातलेला आहे. अधिनियमाखालील सध्याचे नियम २००२ चे आहेत, आणि त्यांची अंमलबजावणी पाहणाऱ्या पेट्रोलियम व विस्फोटक सुरक्षा संघटनेचे मुख्यालय नागपूर येथे आहे. जागा योग्य आहे की नाही, याबद्दल जिल्हा प्रशासनाचे ‘ना हरकत’ पत्र आणि या संघटनेचा परवाना, अशा दोन कुलपांनी तेलाच्या साठ्याचे दार बंद केलेले असते.

आता साठवणुकीचे नियम पाहा. प्रत्येकाच्या मुळाशी वाफच सापडेल. पेट्रोल पंपावरील टाक्या जमिनीत पुरलेल्या असतात, कारण मातीच्या पोटात ऊन पोहोचत नाही, वाफ कमी होते आणि बाहेरची आग टाकीला भिडत नाही. त्या टाकीतून एक नळी वर आलेली दिसते. तिचे तोंड जमिनीपासून किमान चार मीटर उंच ठेवावे लागते, म्हणजे बाहेर पडणारी वाफ माणसांच्या वावरापर्यंत येण्यापूर्वी वाऱ्यात विरते. त्या तोंडावर बारीक धातूची जाळी असते. ज्योत जाळीतून जाताना तिची उष्णता धातू शोषून घेतो आणि ज्योत विझते. हंफ्री डेव्ही या इंग्रज शास्त्रज्ञाने १८१५ साली खाणकामगारांसाठी जो सुरक्षित दिवा केला, त्यातील तत्त्व हेच. मोठ्या डेपोतील टाक्यांभोवती बांध असतो, आणि त्यातील सर्वांत मोठी टाकी फुटली तरी तिचे सारे तेल आत मावेल इतकी त्याची धारणशक्ती असावी लागते.

हे नियम कागदावर राहिले म्हणजे काय होते, हे जयपूरने दाखविले. २९ ऑक्टोबर २००९ च्या सायंकाळी तेथील सीतापुरा भागातील इंडियन ऑइलच्या डेपोत पेट्रोल दुसऱ्या कंपनीकडे नळाने पाठविण्याची तयारी चालू असताना गळती सुरू झाली. ती थांबवावयास गेलेली माणसे वाफेनेच गुदमरून पडली. सुमारे सव्वा तास पेट्रोल वाहत राहिले. बांधातील पावसाचे पाणी काढून देणारा व्हॉल्व्ह उघडा होता. त्यातून ते बाहेर पसरले. संध्याकाळी साडेसातच्या सुमारास वाफेच्या त्या प्रचंड ढगाला कोठून तरी ठिणगी मिळाली. अकरा माणसे दगावली, आणि आग अकरा दिवस धुमसत राहिली. बांध होता, पण त्याचे दार उघडे होते. नियमाचे तसेच आहे.

साठ्यापेक्षा वाहतूक अवघड, कारण साठा एका जागी असतो आणि टँकर गावागावांतून जातो. टँकरची टाकी आतून कप्प्यांची असते. सारे तेल एकाच पोकळीत असेल, तर वळणावर ते एका बाजूला धावते आणि गाडीचा तोल घालविते. निपाणीजवळच्या तवंदी घाटातून अवजड गाड्या उतरताना ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना या कप्प्यांचे मोल सांगावयास नको. टाकी कधी काठोकाठ भरत नाहीत. दहा अंशांनी तापमान वाढले तर पेट्रोलचे आकारमान शेकडा सुमारे एकने वाढते. बारा हजार लिटरांच्या टँकरमध्ये याचा अर्थ सव्वाशे लिटरांच्या आसपास होतो. पहाटेच्या गारव्यात भरलेल्या तेलाला दुपारच्या उन्हात फुगावयास जागा ठेवावी लागते.

तेल नळातून वेगाने वाहू लागले म्हणजे घर्षणाने स्थिर विद्युत साठते. हिवाळ्यात लोकरी कपडा काढताना जी तडतड ऐकू येते, तिचाच हा भाऊबंद. एरवी ती निरुपद्रवी. पेट्रोलच्या वाफेत मात्र तेवढी ठिणगी पुरते. म्हणून टँकर रिकामा करण्यापूर्वी तो तारेने जमिनीशी जोडतात, आणि विमानतळावर इंधन भरण्यापूर्वी विमान आणि इंधनाची गाडी तारेने एकमेकांस जोडतात. तार लावावयास क्षणभर लागतो. घाईत गाळला जातो तो नेमका हाच क्षण.

कायद्याचा पहारा मोडू पाहणारेही असतात. २५ जानेवारी २०११ रोजी मनमाडजवळ तेलाची चोरी आणि भेसळ रोखावयास गेलेले मालेगावचे अप्पर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना भर दिवसा जिवंत जाळण्यात आले. भेसळ हा केवळ ग्राहकाच्या खिशाचा प्रश्न नव्हे. रॉकेलमध्ये थोडे पेट्रोल मिसळले तरी त्याचा प्रज्वलनांक खाली येतो. वरून दिसावयास ते रॉकेलच. पण स्टोव्ह पेटविणाऱ्या गृहिणीच्या हातात प्रत्यक्षात ‘अ’ वर्गाचे तेल आलेले असते.

आणि कधीकधी पहारा आपणच मोडतो. २५ जून २०१७ रोजी पाकिस्तानातील बहावलपूरजवळ अहमदपूर शर्किया येथे टँकर उलटला. सांडलेले पेट्रोल भरून घेण्यासाठी लोक बादल्या घेऊन धावले. आग भडकली आणि दोनशेहून अधिक माणसे प्राणास मुकली. फुकटचे तेल न्यावयास हात पुढे करणे हे केवळ तेथल्याच लोकांचे दौर्बल्य नव्हे. आपल्या महामार्गावर टँकर कलंडला तर गावाने पहिले काम हे करावे, की सर्वांनी दूर जावे, वाऱ्याच्या उलट दिशेला थांबावे, जवळपासच्या चुली आणि वाहनांची इंजिने बंद करावीत, आणि अग्निशामक दलाला कळवावे.

शेवटी घराकडे वळू. विक्रीसाठी नसलेले ३० लिटरपर्यंत पेट्रोल परवान्याशिवाय जवळ बाळगण्यास अधिनियम मुभा देतो; मात्र ते घट्ट बुचाच्या भांड्यात हवे, काचेचे भांडे एक लिटरहून मोठे नसावे आणि धातूचे पंचवीस लिटरांहून मोठे नसावे. किराणा दुकानात बाटल्यांतून जे पेट्रोल विकले जाते, ते या सवलतीत बसत नाही. दोन राज्यांतील करांच्या फरकामुळे सीमाभागात तेलाचे भाव वेगळे असतात, आणि चार पैसे वाचावेत म्हणून कॅन भरून आणण्याचा मोह होतो. तो कॅन स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात ठेवला, तर त्याच्या बुचाशी सरकारी निरीक्षक येऊन बसणार नाही. तीस लिटरांच्या आत कायद्याने पहारा आपल्यावर सोपविला आहे. पेट्रोल घरापासून दूर, सावलीत, हवेशीर जागी, मुलांच्या हाताबाहेर ठेवणे आणि वास आला की दिव्याच्या बटणाला हात न लावता प्रथम दारे-खिडक्या उघडणे, एवढे ज्याने पाळले, त्याने ‘ज्वालाग्राही’ हा शब्द खऱ्या अर्थाने वाचला असे म्हणता येईल.