समोरचा समुद्र गेला, देऊळ राहिलं

सिंगापूरला जाऊन आलेले आपल्यात बरेच असतील. तेलोक आयर स्ट्रीटवरचं थियान हॉक केंग हे चिनी देऊळही काहींनी पाहिलं असेल. पाहिलं म्हणजे काय, तर छपरावरच्या ड्रॅगनचे फोटो काढले, लाल-सोनेरी खांबांपुढे उभं राहून आणखी एक काढला, आणि दहा मिनिटांत बसमध्ये. माझं सांगणं असं की, आत शिरण्याआधी जरा देवळाकडे पाठ करून उभे राहा. समोर आज रस्ता आणि इमारती दिसतात. देऊळ बांधलं तेव्हा इथे समुद्र होता. ‘तेलोक’ म्हणजे मलय भाषेत उपसागर, ‘आयर’ म्हणजे पाणी. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात भराव पडला, किनारा लांब गेला. तो समुद्र मनात परत आणल्याशिवाय आतलं नक्षीकाम नुसती श्रीमंती वाटते.

देवी आहे माझू, खलाशांची राखणदार. चीनच्या फुजियान प्रांतातून लोक शिडाच्या जहाजांतून, ईशान्य मोसमी वाऱ्यांवर इकडे येत. वाटेत वादळं, चाचे, रोगराई. जो जिवंत पोचला तो उतरल्यावर आधी इथे येऊन उदबत्ती लावायचा. सुरुवातीला एक साधं छोटं देवस्थान होतं. आजचं देऊळ 1839 ते 1842 या काळात उभं राहिलं. व्यापारी तान टॉक सेंग हे मोठे देणगीदार. दगड, लाकूड आणि देवीची मूर्ती चीनहून आणली. माणसं ज्या पाण्यातून आली त्याच पाण्यातून देऊळही आलं म्हणा ना!

आता वर बघा. आढ्याची दोन्ही टोकं पाकोळीच्या शेपटीसारखी दुभंगून वर वळलेली आहेत. ही फुजियानची घडण. म्हणजे ज्याला गाव सोडून महिने झाले, त्याला दुरूनच कळायचं की इथे आपली माणसं आहेत. ड्रॅगनच्या अंगावर चकाकतात ते चिनी मातीच्या भांड्यांचे कापलेले तुकडे. तुळया-खांबांची चौकट एका लाकडाचं टोक दुसऱ्याच्या खाचेत बसवून, खिळ्यांशिवाय जोडलेली. माझूजवळ दोन रक्षक असतात. एकाला हजार कोसांवरचं दिसतं, दुसऱ्याला वाऱ्यावरून येणारी हाक ऐकू येते. बुडणाऱ्या माणसाला देवाकडून याहून वेगळं काय हवं असतं? सम्राट ग्वांग्शू यांनी 1907 मध्ये इथे चार अक्षरं पाठवली, त्यांचाही आशय हाच: दक्षिणेच्या समुद्रावर लाटा शांत आहेत.

रीतभात थोडीच आहे. समोरून पाहता उजव्या बाजूच्या दारानं आत जायचं, ती ड्रॅगनची बाजू. डाव्या, म्हणजे वाघाच्या बाजूनं बाहेर. उंबरठा उंच असतो, त्यावर पाय न देता ओलांडायचा. कुणी लाकडाचे दोन चंद्रकोरी तुकडे जमिनीवर टाकताना दिसलं तर कॅमेरा खाली ठेवा. तो देवीला कौल लावतोय. एक तुकडा सपाट बाजूनं आणि दुसरा फुगीर बाजूनं वर पडला, तर होकार. आपल्याकडे कौल लावतात तेव्हा परक्यानं जवळ येऊन फोटो काढलेला चालेल का आपल्याला?

आणि एक गोष्ट हमखास नजरेतून सुटते. छपराखालच्या तुळया पेलणाऱ्या काही कोरीव आकृत्या चिनी दिसत नाहीत. चेहरे हिंदुस्थानी माणसांचे. बांधकामावर राबलेल्या दक्षिण भारतीय मजुरांची ती आठवण आहे असं सांगतात. पटण्यासारखं आहे, कारण याच रस्त्यावर काही पावलांवर नागोर दर्गा आहे, तमिळ किनाऱ्यावरून आलेल्या चुलिया मुसलमानांनी 1828 ते 1830 मध्ये बांधलेला. तेही समुद्रातूनच आले होते, आणि उतरले याच किनाऱ्यावर. देवळातून वाघाच्या दारानं बाहेर पडलात की तिथेही जाऊन या. चालत दोन-तीन मिनिटं लागतात.