मूड ऑफ की डिप्रेशन?

'यार, जाम डिप्रेस झालोय!' अप्रेझल पडलं, ब्रेकअप झालं किंवा रविवारी ऑफिसला बोलावलं की हे वाक्य आपल्या तोंडून सहज निघतं. संध्याकाळी कट्ट्यावर मित्र भेटले, दोन कटिंग झाले की स्वारी पुन्हा फॉर्मात. हा झाला मूड ऑफ. डिप्रेशन हा मामलाच वेगळा. आणि ज्यांना ते खरोखर असतं, त्यांच्यातले कितीतरी जण हा शब्द उच्चारतही नाहीत.

मी मूळची धाराशिवची, म्हणजे २०२३ पर्यंतच्या उस्मानाबादची. आमच्याकडे 'मला नैराश्य आलंय' असं कोण म्हणतं? 'करमंना झालंय', 'डोकं जड पडलंय', 'रात्र-रात्र डोळा लागत नाही', असं म्हणतात. मग डोकेदुखीची गोळी घेतली जाते, नाहीतर 'बाहेरचं' बघायला नेलं जातं. आजार मात्र तिथेच! ३० सप्टेंबर १९९३ चा भूकंप, पाठोपाठचे दुष्काळ, डोक्यावरचं कर्ज... या जिल्ह्यानं बरंच सोसलंय. नैराश्याला फक्त परिस्थितीच कारण असते असं नाही. आनुवंशिकता, मेंदूतले बदल, थायरॉइडसारखे आजार, दारू हेही हातभार लावतात. पण परिस्थितीचा रेटा मोठा असतो, हे इथे वेगळं सांगायला नको.

म्हणूनच २०१५ मध्ये राज्य सरकारनं मराठवाडा-विदर्भातल्या १४ जिल्ह्यांसाठी 'प्रेरणा प्रकल्प' सुरू केला. त्यात उस्मानाबादही होतं. फंडा साधा होता : पेशंट डॉक्टरकडे येत नाही ना, मग आशाताईंनी त्याच्या घरी जायचं. झोप लागते का, जेवण जातं का, जगणं नकोसं वाटतं का, असे प्रश्न विचारायचे आणि गरज असेल त्याला समुपदेशन किंवा सरकारी दवाखान्यापर्यंत पोचवायचं.

प्रकार किती?

सरसकट सगळ्याला 'टेन्शन' म्हणून चालत नाही, कारण प्रकारानुसार उपचार बदलतात.

मेजर डिप्रेशन : किमान दोन आठवडे, जवळपास रोज, दिवसाचा बराच वेळ उदासी किंवा कशातच रस नसणं. जोडीला झोप, भूक, एकाग्रता बिघडणं, थकवा, अपराधी वाटणं, मरणाचे विचार.

डिस्थायमिया : तीव्रता कमी, मुक्काम लांब. दोन वर्षं किंवा जास्त. 'त्याचा स्वभावच तसा' म्हणून घरचे सोडून देतात.

बाळंतपणानंतरचं नैराश्य : पहिल्या काही दिवसांतलं रडू बहुतेकींचं दोन आठवड्यांत ओसरतं. ते थांबलं नाही, बाळाकडे बघावंसंच वाटत नसेल, तर डॉक्टर गाठायलाच हवा.

बायपोलरमधलं नैराश्य : कधी उदासी, कधी झोपेविना अफाट उत्साह आणि उधळपट्टी. इथे नुसत्या नैराश्याच्या गोळ्या दिल्या तर उन्माद उसळू शकतो. म्हणून मित्राची गोळी आपण घेणं साफ चूक!

बरं होतं का?

बहुतेकांना उपचारांनी फरक पडतो. सौम्य नैराश्यात अनेकदा समुपदेशन पुरतं. मध्यम आणि तीव्र नैराश्यात गोळ्यांची जोड लागते. गोळीचा परिणाम दिसायला साधारण दोन ते सहा आठवडे जातात आणि बरं वाटल्यावरही ती किमान सहा महिने चालू ठेवावी लागते. 'आता बरंय' म्हणून मनानं बंद केली की आजार उलटू शकतो. आणि 'शॉक'? ती ट्रीटमेंट फारच तीव्र आजारात देतात. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानं भूल दिल्याशिवाय ती देण्यावर बंदीच घातली आहे.

बरं, एवढे सायकियाट्रिस्ट आणायचे कुठून? २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार नैराश्याच्या सुमारे ८५ टक्के रुग्णांना उपचारच मिळत नव्हते. पण अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांमध्ये 'विश्राम' नावाच्या उपक्रमात गावातल्याच माणसांना ट्रेनिंग देऊन बघितलं गेलं. तिथे मदत घेणाऱ्या नैराश्यग्रस्तांचं प्रमाण ४.३ वरून २७.२ टक्क्यांवर गेलं. म्हणजे सुरुवात करायला दर वेळी मोठी डिग्री लागते असं नाही. नीट ट्रेनिंग घेतलेलं माणूस दारात आलं तरी फरक पडतो.

आता तुमची पाळी

पुण्या-मुंबईत जॉब करणाऱ्या आपल्यापैकी अनेकांचे आई-बाबा गावी आहेत. फोनवर 'बरं चाललंय' एवढंच कळतं. या रविवारी पाच मिनिटं जास्त बोला.

• 'काळजी करू नका' म्हणण्याआधी 'झोप लागते का?' हे विचारा.
• शेतात, देवळात, पारावर जाणं बंद झालंय का, ते काढून घ्या.
• शंका आली तर 'जीव नकोसा वाटतो का?' हे सरळ विचारा. विचारल्यानं तो विचार मनात पेरला जात नाही. उलट बोलायला वाट मिळते.
• उत्तर 'हो' आलं तर त्यांना एकटं राहू देऊ नका. फवारणीची औषधं हाताशी राहणार नाहीत असं बघा आणि लगेच जिल्हा रुग्णालय गाठा.
• 'टेली-मानस'चा १४४१६ हा नंबर चोवीस तास, मोफत आणि मराठीतही चालतो. त्यांच्यासाठी, आणि तुमच्यासाठीसुद्धा.

नंबर आत्ताच सेव्ह करा. आणि हो, आईनं 'डोकं दुखतंय' म्हटलं तर 'गोळी घे' म्हणून फोन ठेवू नका. पुढचं ऐका.