भीतीला गोष्टीत बसवताना

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. दुसरीतलं मूल रोज शाळेच्या वेळी 'पोट दुखतंय' म्हणतं, तेव्हा आपण 'घाबरायचं काय त्यात!' म्हणून मोकळे होतो. पोट खरंच दुखत असतं, बरं का. त्या वयात चिंता शब्दांच्या आधी शरीरातून बोलते.

अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ रिचर्ड गार्डनर यांनी १९७१ च्या पुस्तकात एक पद्धत मांडली. आधी मूल स्वतःची गोष्ट सांगतं. मग उपचार करणारा तीच पात्रं, तोच प्रसंग घेऊन पुन्हा गोष्ट सांगतो. सुटकेची वाट तेवढी वेगळी. समजा, मुलाचा ससा वर्गात कोल्हा पाहून पळाला. आपला ससा दाराशी थांबतो, मैत्रिणीला हाक मारतो, दोघं मिळून आत जातात. कोल्ह्याला मात्र गायब करायचं नाही. केलं, तर मुलाला वाटतं, यांनी आपलं ऐकलंच नाही.

आपली भोपळ्यातली म्हातारी आठवा. ती वाघाशी लढत नाही. लेकीकडून लठ्ठ होऊन येते म्हणून मुदत मागते, आणि परतताना भोपळ्यात बसते. जंगल तसंच आहे, पण हाताशी युक्ती आहे. स्पिनोझा 'एथिक्स'मध्ये म्हणतो, भावनेची स्पष्ट कल्पना आली की आपण तिच्या नुसते ताब्यात राहत नाही. आम्हा तत्त्वज्ञानवाल्यांना ती व्याख्येतून येते, सात वर्षांच्या मुलाला कोल्ह्यातून!

गोष्ट संपल्यावर तात्पर्य विचारू नका, तिथेच तिची परीक्षा होते. आणि झोप, जेवण, शाळा आठवडेच्या आठवडे बिघडलं असेल तर गोष्टीवर विसंबू नका, समुपदेशकाला भेटा.