एकोणीस चौकोनांची गोष्ट

मुलांनो, तुमचा शाळा सोडल्याचा दाखला कधी नीट पाहिला आहे का? त्यावर ‘स्टुडंट आयडी’चे 19 चौकोन असतात. आधी वर्ष, मग शाळेचा 11 अंकी यू-डायस क्रमांक (आपल्या महाराष्ट्रातला 27 ने सुरू होतो) आणि शेवटी तुमचा अनुक्रमांक. आपल्या गोरेगावच्या शाळेतल्या मुलाचा असो की मुंबईच्या गोरेगावातल्या, चौकोन तेवढेच!

असे लाखो आकडे संगणकाच्या ज्या कोठारात राहतात, त्याला डेटाबेस म्हणतात. कोठाराच्या दारात एक काळी खिडकी असते. तिचं नाव शेल. तिथं आज्ञा टाइप करायची, की कोठार उत्तर देतं. पण आज्ञा कोणत्या भाषेत?

जुनी भाषा म्हणजे एसक्यूएल, 1974 मधली. पुढे 2009 साली मोंगोडीबी नावाचा डेटाबेस आला. त्याच्या कर्त्यांनी शेलसाठी जावास्क्रिप्ट निवडली. ही भाषा ब्रेंडन आइक यांनी 1995 मध्ये दहाएक दिवसांत, वेबपानांसाठी तयार केली होती. निवड शहाणपणाची वाटते. वेबपानं बनवणाऱ्या असंख्य लोकांना ती आधीच येत होती आणि मोंगोडीबीतल्या नोंदी दिसायलाही जावास्क्रिप्टसारख्याच. नवी भाषा शिकायचं कामच नाही!

आता गंमत बघा. आपल्या बाजारात भाव पोवारीत विचारा, मराठीत विचारा की हिंदीत. तांदळाचं वजन तेच राहतं. शेलमध्ये मात्र भाषेमुळे आकडाच बदलू शकतो.

जावास्क्रिप्टमध्ये साधा आकडा 9007199254740992 पर्यंतच बिनचूक राहतो. हे झाले 16 अंक. त्यापुढे जागा पुरत नाही, म्हणून भाषा जवळच्या आकड्यावर उडी मारते. 19 अंकी, 20 ने सुरू होणाऱ्या आकड्यांमध्ये ही उडी तब्बल 256 ची असते! समजा, वर्गात 40 मुलं आहेत आणि त्यांचे क्रमांक ओळीनं 0001 ते 0040. कुणी ते शेलमध्ये साधे आकडे म्हणून टाकले, तर 40 मुलांचे मिळून फार तर दोनच आकडे उरतील. पिंकीचा निकाल पाहायला जावं, तर बंटीचा निघायचा! आणि शेल ‘चूक झाली’ असं म्हणतसुद्धा नाही.

पायथॉन भाषेत असं होत नाही. ती पूर्णांक कितीही लांब असला तरी जसाच्या तसा धरते. मायएसक्यूएलच्या नव्या शेलनं तर जावास्क्रिप्ट, पायथॉन आणि एसक्यूएल अशा तिन्ही भाषा देऊन निवड आपल्यावरच सोपवली आहे. मला हे आवडलं, पण त्यांना तीन भाषा सांभाळायच्या म्हणजे तिप्पट काम.

मोंगोडीबीतही उपाय आहे. लांब आकडा अवतरणचिन्हांत लिहायचा, म्हणजे तो अक्षरांसारखा ठेवला जातो. नाहीतरी आयडीची बेरीज कोण करतो?

खरं वाटत नाही? शाळेच्या संगणकावर ब्राउझर उघडा, एफ-12 दाबा, ‘कन्सोल’मध्ये जा. 9007199254740993 टाइप करून एंटर दाबा आणि शेवटचा अंक पाहा.