शेक, करंट आणि दिवसाला १८० टाचा

स्वीडनच्या उत्तर भागात उमिओ नावाचं शहर आहे. तिथले अस्थिशल्यविशारद हाकान आल्फ्रेडसन यांना धावायचा नाद. त्यांच्या टाचेमागच्या जाड शिरेला, म्हणजे अकिलीस टेंडनला, असं दुखणं जडलं की धावणंच बंद पडलं. शस्त्रक्रिया करा म्हणून ते वरिष्ठांकडे गेले, तर वरिष्ठ तयार होईनात. मग आल्फ्रेडसन यांनी ठरवलं, दुखणं इतकं वाढवायचं की शस्त्रक्रियेला कुणी नाही म्हणू नये! पायरीच्या कडेवर चवडे टेकवून उभं राहायचं आणि दुखऱ्या पायाची टाच सावकाश खाली सोडायची. दुखलं तरी थांबायचं नाही, कारण दुखावं हाच तर हेतू. शीर काही तुटली नाही. काही आठवड्यांत दुखणंच निघून गेलं.

१९९८ साली त्यांनी १५ हौशी धावपटूंवर केलेला अभ्यास प्रसिद्ध केला. एका दमात १५ वेळा टाच सोडायची, असे ३ फेरे. ते एकदा गुडघा ताठ ठेवून आणि एकदा वाकवून करायचे, सकाळी आणि संध्याकाळी. हिशेब केला तर दिवसाला १८० वेळा. १२ आठवड्यांनी पंधराही जण पुन्हा धावत होते. डॉक्टरांची शस्त्रक्रिया हुकली आणि जगभरच्या फिजिओथेरपिस्टना एक हुकमी व्यायाम मिळाला.

आपल्याकडे मात्र ‘फिजिओला जातो’ म्हणजे ‘शेक घ्यायला जातो’ असंच समजतात. पलंगावर पडायचं, मशीन लावून घ्यायचं आणि घरी यायचं. व्यायामाचा कागद दिला तर तो घडी होऊन पाकिटात जातो. माझ्या मते या शास्त्रातला सगळा रस त्या घडी घातलेल्या कागदातच आहे.

माशाचा करंट

तरी मशीनचीही गंमत आहेच. पहिल्या शतकात स्क्रिबोनियस लार्गस हा रोमन वैद्य विजेचा झटका देणारा जिवंत टॉर्पेडो मासा वापरायचा. डोकेदुखीसाठी कपाळावर आणि पायाच्या गाउटसाठी तळव्याखाली. रुग्णाने ओल्या किनाऱ्यावर माशावर पाय ठेवून उभं राहायचं, पाय बधिर होईपर्यंत.

असा करंट वेदना का कमी करतो, याचं पटणारं उत्तर मिळायला १९६५ साल उजाडावं लागलं. रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी मांडलं की मज्जारज्जूत वेदनेच्या वाटेवर जणू एक दार असतं. स्पर्शाचे संदेश मोठ्या संख्येने आले की ते दार बरंचसं मिटतं आणि वेदनेचे संदेश कमी पोचतात. गुडघा टेबलाला आपटला की आपण तो लगेच चोळतो, ते याचसाठी.

दवाखान्यात ‘आयएफटी’ लावतात तेव्हा चार पॅडमधून दोन वेगळे प्रवाह सोडलेले असतात. समजा, एक सेकंदाला ४,००० कंपनांचा आणि दुसरा ४,१०० चा. ते शरीरात एकमेकांना छेदतात तिथे दोहोंमधल्या फरकाइतकी, म्हणजे १०० ची, लहर तयार होते. मुंग्या येतात त्या हिच्यामुळे. वॅक्स बाथचं मेण ५० अंशांच्या वर तापलेलं असूनही हात भाजत नाही, कारण मेण उष्णता फार हळू सोडतं. या सगळ्याने वेदना तासा-दोन तासांसाठी उतरते. तेवढ्या वेळात व्यायाम करून घ्यायचा असतो.

‘मणक्यात गॅप आहे’

या वाक्याने महाराष्ट्रात जितकी माणसं अंथरुणाला खिळवली असतील, तितकी प्रत्यक्ष गॅपने नक्कीच नाही. २०१५ साली एक मोठा आढावा प्रसिद्ध झाला. त्यात ३३ अभ्यास होते आणि पाठीत काहीही दुखत नसलेल्या ३,११० माणसांचे स्कॅन. विशीतल्या ३७ टक्के जणांच्या दोन मणक्यांमधल्या डिस्कची झीज, म्हणजे हाच ‘गॅप’, दिसली आणि ऐंशीतल्या ९६ टक्क्यांच्या. म्हणजे झीज स्कॅनमध्ये दिसते म्हणून तीच दुखते असं नाही. केस पांढरे होतात, तशीच तीही.

आणि विश्रांती? फिनलंडमध्ये १९९५ साली अचानक कंबर धरलेल्या रुग्णांचे तीन गट केले. एका गटाला दोन दिवस अंथरुणात पडून राहायला सांगितलं, दुसऱ्याला पाठीचे व्यायाम दिले, तिसऱ्याला सांगितलं की झेपेल तेवढी रोजची कामं करत राहा. सर्वांत लवकर सावरला तिसरा गट, सर्वांत हळू अंथरुणातला.

एक मात्र गंभीरपणे सांगायलाच हवं. कंबरदुखीबरोबर लघवी-शौचावरचा ताबा सुटला, मांड्यांच्या मधला भाग बधिर झाला किंवा पायातली ताकद कमी होत चालली, तर शेक, व्यायाम सगळं बाजूला ठेवून त्याच दिवशी रुग्णालय गाठायचं.

न्यूझीलंडच्या वेलिंग्टनमध्ये १९५६ साली रॉबिन मॅकेन्झी या फिजिओथेरपिस्टकडे एक गृहस्थ यायचे. फिजिओथेरपीच्या जगात ते ‘मिस्टर स्मिथ’ म्हणूनच प्रसिद्ध आहेत. कंबरेतून पायात उतरणारी कळ तीन आठवडे हटत नव्हती. मॅकेन्झी म्हणाले, ‘आत जाऊन पालथे झोपा, आलोच.’ आधीच्या रुग्णासाठी पलंगाची एक बाजू उंच केलेली होती, तशीच राहिली होती. मिस्टर स्मिथ त्यावरच पालथे झाले आणि पाठ मागे कमानीसारखी वाकलेल्या स्थितीत पडून राहिले. त्या काळी कंबरदुखीत असं मागे वाकणं घातक मानत. मॅकेन्झी आले आणि हादरलेच. पण स्मिथ म्हणाले, पायातली कळ गेली! दुखणं पायातून वर सरकून कंबरेच्या मध्यावर आलं होतं. पायातली वेदना अशी वर सरकणं हे सुधारणेचं लक्षण, ही खूण मॅकेन्झी यांनी पुढे पद्धतशीर तपासली आणि त्यातून एक सबंध उपचारपद्धती उभी राहिली. सगळ्यांनाच मागे वाकणं मानवत नाही. कोणत्या दिशेने वाकल्यावर कळ वर सरकते, तेच तर तपासायचं असतं.

उजव्याचा व्यायाम, डाव्याला ताकद

हात प्लास्टरमध्ये आहे म्हणून व्यायाम बंद? १८९४ साली येल विद्यापीठात एडवर्ड स्क्रिप्चर आणि सहकाऱ्यांनी एकाच हाताला सराव दिला, तर ज्याने काहीच केलं नाही त्या हाताचीही ताकद वाढली. हुकूम मेंदूतून सुटतो आणि मेंदू दोन्ही हातांना एकच आहे. त्याहून नवलाची गोष्ट १९९२ सालची. चार आठवडे करंगळी जोर लावून बाजूला नेण्याची नुसती कल्पना करणाऱ्यांची करंगळी २२ टक्क्यांनी बळकट झाली. खरोखर जोर लावणाऱ्यांची ३० टक्क्यांनी.

पक्षाघातानंतरच्या उपचाराचा पाया हाच. लकवा मारलेला हात हलवायला कष्ट पडतात, म्हणून माणूस सगळी कामं चांगल्या हाताने उरकतो आणि दुबळा हात वापरणं मेंदू हळूहळू सोडूनच देतो. एडवर्ड टाउब यांनी उपाय उलटा काढला: चांगल्या हातालाच जाड हातमोजा घालून बांधून टाकायचं! २००६ साली २२२ रुग्णांवर झालेल्या अमेरिकी चाचणीत एका गटाने जागेपणाचा ९० टक्के वेळ हातमोजा, रोज सहा तासांपर्यंत सराव, असे दोन आठवडे काढले. त्या गटातल्या रुग्णांचा हात नेहमीच्या उपचारांवरच्या रुग्णांपेक्षा जास्त सुधारला आणि वर्षभराने पाहिलं तरी फरक टिकून होता. मनगट आणि बोटं थोडी तरी उघडत असतील तरच हे जमतं.

मूळचे तमिळनाडूचे व्ही. एस. रामचंद्रन यांनी १९९०च्या दशकात एक साधा आरसा वापरला. हात कापलेल्या माणसाला नसलेल्या हातात कळा येत असतात. चांगला हात आरशासमोर धरून हलवला की प्रतिबिंबात हरवलेला हातच हलताना दिसतो, आणि काहींच्या कळा ओसरतात. पुढे हाच आरसा पक्षाघाताच्या रुग्णांपुढेही ठेवला गेला.

सरावाची संख्या मात्र कुणी विसरू नये. मेंदूत नवी वाट पाडायला प्रयोगशाळेतल्या प्राण्यांना रोज शेकडो आवर्तनं करावी लागतात. २००९ साली पक्षाघाताच्या रुग्णांची उपचारसत्रं पाहून मोजणी झाली, तेव्हा हाताची उपयोगी हालचाल सत्राला सरासरी ३२ वेळा भरली. बाकीची कुठे करायची? घरी. पेला उचलणं, बटण लावणं, शेंगा सोलणं, हे सगळं त्यात धरायचं.

घरच्यांना हात जोडून एक विनंती. पक्षाघाताच्या रुग्णाला उठवताना दुबळा हात धरून ओढू नका. खांदा धरून ठेवणारे स्नायूच ढिले पडलेले असतात. सांधा निखळतो आणि पुढे महिनोन्महिने दुखतो.

चालता येईना, सायकल मात्र भन्नाट

२०१० साली नेदरलंड्समधल्या डॉक्टरांनी ५८ वर्षांच्या एका पार्किन्सनच्या रुग्णाची नोंद केली. दहा वर्षांचा आजार. आधार देऊनही दोन-चार पावलांत पाय जमिनीला खिळायचे. तो म्हणाला, मी सायकल चालवतो. डॉक्टरांनी बसवलं, तर पठ्ठ्या तोल सांभाळत, वळणं घेत फिरून आला. उतरला आणि पाय पुन्हा खिळले.

पार्किन्सनमध्ये आपोआप होणाऱ्या हालचालींची यंत्रणा अडखळते, पण बाहेरून इशारा मिळाला की मेंदू दुसरी वाट धरतो. सायकलच्या पेडलांचा ठेका असाच इशारा देत असावा. म्हणून फिजिओथेरपिस्ट घरात फरशीवर रंगीत चिकटपट्ट्यांचे आडवे पट्टे मारायला सांगतात. सपाट जमिनीवर थिजलेला माणूस पट्टा ओलांडायचा म्हटलं की झटकन पाऊल उचलतो. मेट्रोनोमची टिकटिक किंवा ठेक्याचं गाणंही चालतं. मागून ‘चला, चला’ म्हणून घाई केली तर उलट पाय जास्तच अडकतात.

कानातले खडे

कुशीवर वळताच सगळी खोली गरगर फिरते तेव्हा ‘पित्त झालं’ म्हणतात. पुष्कळदा कारण कानात असतं. अंतर्कर्णात कॅल्शियम कार्बोनेटचे बारीक खडे असतात, ते निसटून तोलाच्या अर्धवर्तुळाकार नळीत शिरतात आणि मान वळली की मेंदूला खोटी बातमी देतात. अमेरिकेतल्या जॉन एप्ली यांनी डोकं ठरावीक कोनांतून फिरवून खडे परत जागेवर घालवायची युक्ती १९८०च्या सुमारास काढली. काही मिनिटांचं काम. व्यवसायबंधूंना ते पटायला बरीच वर्षं लागली. कोणत्या कानात आणि कोणत्या नळीत खडे आहेत, हे तपासूनच ही युक्ती करायची असते, त्यामुळे व्हिडिओ पाहून घरी प्रयोग नको.

चार परिचारिका आणि परळ

१८९४ सालीच लंडनमध्ये बोभाटा झाला की मसाजच्या जाहिरातींआड भलतेच धंदे चालतात. आपल्या कामाला डाग लागू नये म्हणून चार परिचारिकांनी प्रशिक्षित मसाज करणाऱ्यांची संस्था काढली. डॉक्टरांच्या सूचनेशिवाय पुरुषांना मसाज करायचा नाही, असा सक्त नियम. तीच संस्था आज ब्रिटनमधल्या फिजिओथेरपिस्टांची मुख्य संघटना आहे.

ऑस्ट्रेलियाच्या एलिझाबेथ केनी यांनी पोलिओच्या मुलांचे हातपाय पट्ट्यांत जखडून ठेवायला नकार दिला. गरम ओल्या लोकरीचे शेक देऊन त्या अवयव हलवत राहिल्या. डॉक्टर भडकले. आजाराबद्दलचा केनी यांचा सिद्धान्त टिकला नाही, उपचार टिकले. १९५१ च्या गॅलप पाहणीत अमेरिकनांनी त्यांनाच सर्वांत आदरणीय स्त्री ठरवलं.

त्याच सुमाराला पोलिओची झळ मुंबईलाही लागत होती. जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने परळच्या केईएम रुग्णालयात देशातलं फिजिओथेरपीचं पहिलं विद्यालय १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला उभं राहिलं. १९५५ साली हाजी अलीला अखिल भारतीय भौतिक चिकित्सा आणि पुनर्वसन संस्था आली. देशभरच्या या व्यवसायाचं मूळ परळमध्ये आहे, याचा मुंबईकराला अभिमान वाटायला हवा.

पंगतीची परीक्षा

‘आता या वयात कसला व्यायाम!’ म्हणणाऱ्या आजी-आजोबांसाठी बोस्टनमधला १९९० चा अभ्यास. ८६ ते ९६ वर्षांच्या दहा जणांना आठ आठवडे पायांनी वजन उचलायला लावलं. एकाने मध्येच सोडलं. उरलेल्या नऊ जणांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. दोघांची काठी सुटली.

ब्राझीलमध्ये याहून सोपी चाचणी निघाली: जमिनीवर बसायचं आणि उठायचं. पैकीच्या पैकी १० गुण. हात, गुडघा किंवा कशाचाही आधार घेतला की दर वेळी एक गुण वजा. तोल गेला तर अर्धा. २०१२ साली ५१ ते ८० वयाच्या २,००२ जणांचा निकाल आला. ज्यांना ० ते ३ गुण मिळाले, त्यांच्यात पुढच्या सहा-एक वर्षांतल्या मृत्यूचं प्रमाण ८ ते १० गुणवाल्यांच्या पाच-सहा पट होतं. खाली बसल्याने आयुष्य वाढतं असा याचा अर्थ नाही. ताकद, लवचीकता आणि तोल या तिन्हींची ती एकत्र परीक्षा आहे. पंगतीला मांडी घालून बसणारी आणि पाट न धरता उठणारी पिढी ही परीक्षा दिवसातून दोनदा द्यायची.

करून पाहायचं तर चटई अंथरा आणि शेजारी कुणाला तरी उभं करा. सांधा बदललेला असेल किंवा तोल जात असेल तर आधी फिजिओथेरपिस्टना विचारा. गुण कमी आले तर सुरुवात खुर्चीपासून करायची. हातांची छातीशी घडी घालून उठायचं, सावकाश बसायचं. पहिल्या दिवशी पाच वेळा जमलं तरी पुष्कळ.